लंडनच्या भिंतीवरची पाटी आणि आपली पडवी

 आम्ही तुमच्या बचत गटाच्या सहयोगिनी. दर पंधरवड्याला आपण इथे कर्ज, हिशेब, बियाणं, तब्येत अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय जरा लांबचा आहे, थेट लंडनचा. पण शेवटी तो आपल्या सतरंजीवरच येऊन बसणार आहे. तेव्हा हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

झालं असं. आमच्या एका गटातल्या ताईंची लेक लंडनला नर्स आहे. तिने आईच्या मोबाइलवर एका भिंतीचा फोटो पाठवला. भिंतीवर एक निळी पाटी होती. बैठकीत तो फोन सगळ्यांच्या हातांतून फिरला. आम्ही पाटीवरचं इंग्रजी वाचून सांगितलं : या जागी लॉइड्स कॉफी हाउस होतं, १६९१ ते १७८५.

एका मावशींनी लगेच विचारलं, "होतं म्हणजे? आता नाही?"

"नाही मावशी. दोनशे वर्षं होऊन गेली."

"मग जे हॉटेल राहिलंच नाही, त्याची पाटी कशाला लावलीय?"

सगळ्या हसल्या. पण प्रश्न खरा होता, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही वाचलं, विचारलं, त्या लेकीकडून आणखी फोटो मागवले. जे हाती लागलं ते आज सांगतो.

पाटी लावतं कोण?

लंडनमध्ये थोर माणसांच्या घरांवर पाट्या लावायची योजना १८६६ साली सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने हाती घेतली. पुढच्याच वर्षी पहिली पाटी लागली, बायरन या कवीच्या जन्मघरावर. गंमत अशी, की १८८९ साली ते घरच पाडलं गेलं आणि घराबरोबर पाटीही गेली. म्हणजे पाटी लावली की जागा वाचलीच, असं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आज लंडनमधल्या गोल निळ्या पाट्यांची मुख्य योजना इंग्लिश हेरिटेज ही संस्था चालवते. तिचे नियम कडक आहेत. ज्यांच्या नावाने पाटी लावायची, त्यांना जाऊन २० वर्षं झालेली हवीत आणि ते जिथे राहिले ती वास्तू उभी हवी. आपल्या माणसांच्या पाट्याही लंडनमध्ये आहेत. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये ज्या घरात राहिले त्यावर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना ज्या घरात राहिले त्यावरही आहे. ते घर पुढे महाराष्ट्र शासनाने विकत घेतलं. आपल्या पुण्यातही महापालिकेने जुन्या घरांवर असे नीलफलक लावले आहेत.

मग लॉइड्सची पाटी कुठल्या नियमात बसली? लंडनच्या पोटात एक जुनं, छोटं शहर आहे. त्याला नुसतं 'सिटी' म्हणतात. जेमतेम एक चौरस मैलाचं. तिथला कारभार वेगळा आणि पाट्याही वेगळ्या : गोल नाहीत, चौकोनी. हा भाग आगीत जळला, पुन्हा बांधला, युद्धात बाँबने पडला, पुन्हा बांधला. जुनं फारसं उरलंच नाही. म्हणून तिथल्या पुष्कळ पाट्या उभ्या इमारतीची ओळख सांगत नाहीत. 'इथे अमुक होतं' एवढंच सांगतात. मावशींच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर. जे दिसतं त्याला पाटीची गरज कमी असते. जे दिसेनासं झालं, त्याला जास्त.

एका नोकराचं दुकान

याच सिटीत, सेंट मायकेल्स ॲली नावाच्या अरुंद बोळात एक पाटी आहे. लंडनचं पहिलं कॉफी हाउस इथे होतं, १६५२ साली, पास्का रोझे याच्या नावाचं, असं ती सांगते.

हा पास्का रोझे कुणी सावकार नव्हता. डॅनियल एडवर्ड्स नावाच्या व्यापाऱ्याचा तो नोकर. व्यापारी तुर्कांच्या मुलखात धंदा करायचा, तिथे त्याला कॉफीची सवय लागली. लंडनला परतताना त्याने रोझेला सोबत आणलं. धन्याच्या घरी कॉफी प्यायला इतकी माणसं यायला लागली, की शेवटी रोझेने चर्चच्या आवारालगत एक टपरी टाकली.

आसपासचे बिअर विकणारे चिडले. हा परका, याला शहरात धंदा करायचा हक्क नाही, अशी त्यांनी तक्रार केली. मग हक्क असलेला एक भागीदार शोधावा लागला. तोही कोण? एका घोडागाडीचा हाकणारा. म्हणजे लंडनचं पहिलं कॉफी हाउस एका परदेशी नोकराने आणि एका गाडीवानाने चालवलं. १६६६ च्या मोठ्या आगीत तो भाग जळून गेला. आज तिथे दुसरीच इमारत आहे आणि तिच्यात दारूचा गुत्ता आहे. पण भिंतीवर नाव नोकराचं आहे, धन्याचं नाही. आम्हाला ही गोष्ट फार आवडली.

कपभर कॉफीत काय होतं?

आता तुम्ही म्हणाल, कॉफीच ती, त्यात एवढं काय? आपल्याकडे चहाच्या टपऱ्या थोड्या आहेत का?

त्या काळी लंडनचे लोक दिवसाढवळ्या बिअर प्यायचे. कॉफीने माणूस झिंगत नाही, उलट जागा होतो. शुद्धीवर असलेली चार माणसं एकत्र बसली की कामाचं बोलतात. हे तुम्हाला आम्ही वेगळं सांगायला नको.

कॉफी हाउसात एक पेनी द्यायची. पेनी म्हणजे तेव्हाच्या पौंडाचा २४० वा भाग. त्यात कॉफी मिळे, शेकोटीजवळ जागा मिळे, टेबलावरची वर्तमानपत्रं वाचायला मिळत. मोठा माणूस आला म्हणून कुणी उठून जागा द्यायची नाही, अशी रीत सांगितली जाई. लोक त्याला थट्टेने पेनीचं विद्यापीठ म्हणत.

माणसं एकत्र बसून बोलायला लागली की सत्तेला धास्ती वाटते. २९ डिसेंबर १६७५ ला राजा दुसरा चार्ल्स याने फर्मान काढलं : कॉफी हाउसं बंद करा, तिथे राज्याविरुद्ध बोललं जातं. लोक इतके खवळले, की फर्मान लागू व्हायच्या आधीच, ८ जानेवारीला, राजाला ते मागे घ्यावं लागलं.

प्रत्येक कॉफी हाउसाची गिऱ्हाइकं हळूहळू ठरून गेली. एडवर्ड लॉइड याच्याकडे जहाजांचे मालक, कप्तान आणि व्यापारी बसत. कुठलं जहाज कुठे पोचलं, कुठलं बुडालं, ही खबर तिथे आधी कळे. आणि तिथेच जहाजांचा विमा उतरवला जाई. तो कसा, हे नीट ऐका.

समजा जहाजावर १,००० पौंडांचा माल आहे. जहाज बुडालं तर मालक देशोधडीला लागेल. मग एक कागद टेबलांवरून फिरायचा. एक जण म्हणायचा, १०० पौंडांची जोखीम माझी. दुसरा म्हणायचा, १०० माझी. कागदावर मजकुराखाली एकाखाली एक सह्या व्हायच्या आणि त्या जोखमीबद्दल प्रत्येकाला थोडी रक्कम मिळायची. जहाज सुखरूप आलं तर ती रक्कम त्यांची कमाई. बुडालं तर प्रत्येक जण आपापला वाटा भरणार. कुणीच एकटा बुडत नाही.

हे ऐकून आमच्या ताई म्हणाल्या, "हे तर आपल्यासारखंच झालं." अगदी तंतोतंत नाही, पण मूळ तेच आहे. एकीच्या कर्जामागे दहा जणी उभ्या राहतात, म्हणून बँक दार उघडते. ओळख, विश्वास, आणि सगळ्यांसमोर केलेली सही किंवा अंगठा. त्या टेबलांवरून जगातला एक फार मोठा विमा बाजार उभा राहिला. त्याचं नाव आजही लॉइड्सच आहे आणि तिथल्या गणवेशातल्या सेवकांना आजही 'वेटर'च म्हणतात.

तिथून जवळच चेंज ॲली नावाच्या बोळात जोनाथन्स कॉफी हाउसची पाटी आहे. तिथे शेअरचे दलाल बसत. १६९८ पासून जॉन कास्टेंग नावाचा माणूस तिथे बसून शेअरच्या आणि मालाच्या भावांची यादी छापून विकू लागला. त्या दलालांनी १७७३ साली स्वतःची इमारत घेतली आणि त्यातून लंडनचा शेअर बाजार झाला. आपल्या मुंबईचंही असंच आहे. तिथले दलाल १८५० च्या सुमारास टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली जमत. १८७५ साली त्यांनी संघटना बांधली, तोच आजचा मुंबईचा शेअर बाजार.

म्हणजे मोठ्या काचेच्या इमारतींची मुळं एका टेबलात, एका झाडाखाली सापडतात. पाटी असते ती या मुळाची.

पाटी काय सांगत नाही

इतकं ऐकल्यावर गटातल्या एका मुलीने विचारलं, "यात बाया कुठे होत्या?"

होत्या. गल्ल्यावर होत्या, चुलीपाशी होत्या, कॉफी ओतत होत्या. कितीतरी कॉफी हाउसं विधवा बायकांनी चालवली. पण टेबलाशी बसून विमा उतरवणं, भाव ठरवणं, वर्तमानपत्रावर वाद घालणं, यात बाईची जागा सहसा नव्हती. १६७४ साली बायकांच्या नावाने एक पत्रक छापून निघालं. नवरे दिवसभर कॉफी हाउसात बसतात, कॉफीने त्यांच्यातला दम गेला, अशी त्यात तक्रार होती. लिहिणाऱ्याचं नाव त्यावर नाही. पुष्कळ अभ्यासकांना वाटतं, की ते पुरुषानेच थट्टेने लिहिलं असावं. म्हणजे तक्रारसुद्धा बायकांची स्वतःची होती, असं म्हणता येत नाही.

कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात टॉम किंग आणि मॉल किंग हे नवरा-बायको कॉफी हाउस चालवत. नवरा गेल्यावर मॉलने ते एकटीने चालवलं. ती चांगलीच नावाजलेली बाई होती. पण हॉगार्थ या चित्रकाराच्या १७३८ च्या प्रसिद्ध चित्रात त्या दुकानावर नाव दिसतं ते टॉम किंगचंच.

पुढचं ऐका. लंडनच्या शेअर बाजारात बायकांना सभासद म्हणून घेतलं गेलं ते १९७३ साली. म्हणजे दलालांनी कॉफी हाउस सोडून इमारत घेतली, त्यानंतर बरोबर २०० वर्षांनी. आणि २०१८ साली इंग्लिश हेरिटेजनेच सांगितलं, की लंडनमधल्या त्यांच्या नऊशेहून जास्त पाट्यांपैकी बायकांच्या नावाच्या शंभरात फक्त १४ आहेत. लोकांनी बायकांची नावं सुचवावीत म्हणून त्यांना आवाहन करावं लागलं.

आणखी एक गोष्ट. लॉइड्सच्या त्या कागदांवर ज्या जहाजांचा विमा उतरवला जाई, त्यांत गुलाम म्हणून माणसं वाहून नेणारी जहाजंही होती. २०२० साली लॉइड्सने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. निळ्या पाटीवर नाव आहे, सालं आहेत. हे नाही. पाटी लहान असते, सगळं मावत नाही, हे खरं. पण काय मावलं आणि काय राहिलं, हे पाटी वाचणाऱ्याने विचारायलाच हवं.

पहिलं कोण, यावर भांडण

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या हाय स्ट्रीटवर समोरासमोर दोन कॉफीची दुकानं होती. एक म्हणायचं, इंग्लंडमधलं पहिलं कॉफी हाउस आमच्याच जागेवर होतं. दुसरं म्हणायचं, १६५४ पासून आम्ही आहोत. आता निवाडा कशावर करायचा? त्या गावात अँथनी वुड नावाचा एक माणूस होता. तो गावातल्या बारीकसारीक गोष्टी टिपून ठेवायचा. जेकब नावाच्या एका ज्यू माणसाने १६५० च्या सुमारास तिथे कॉफी विकायला सुरुवात केली, हे त्याच्या टिपणामुळे कळतं. जेकबबद्दल फारसं माहीत नाही, आणि जे आहे तेही कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून.

म्हणजे पाटीच्या आधी वही असते. वही नसेल तर पाटी म्हणजे नुसता दावा.

आता आपली पडवी

इथपर्यंत आलो तेव्हा आम्हाला आमचीच लाज वाटली. आमच्या गावातला पहिला गट जुन्या दूध डेअरीच्या पडवीत सुरू झाला. दहा जणी, महिना २० रुपये. सासूला दूध घालायला जाते म्हणून सांगायचं आणि किटली बाजूला ठेवून पडवीत बसायचं. तिथेच पहिलं कर्ज दिलं गेलं, एका बाळंतिणीच्या दवाखान्यासाठी. आज गावात १४ गट आहेत, पण मूळ ती पडवी.

ती डेअरी पाडली. त्या जागी सभागृह झालं. दारात कोनशिला बसली, तिच्यावर ११ नावं आहेत. त्यांतलं एकही त्या दहा जणींचं नाही. कोनशिला लावताना आम्हाला कुणी विचारलं नाही हे खरं, पण आम्हीही काही बोललो नाही हेही तितकंच खरं. तेव्हा ते महत्त्वाचं आहे, हेच आम्हाला कळलं नव्हतं. त्या दहा जणींपैकी आज सात आहेत.

मग आम्ही कामाला लागलो. काय केलं ते सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल.

आधी पहिली प्रोसिडिंगची वही शोधली. तेव्हा गटात लिहिता येणारी कुणी नव्हती, म्हणून सातवीतली एक पोर वही लिहायची. वही तिच्या माहेरच्या पेटीत सापडली. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण पहिलं पान शाबूत आहे. तारीख, दहा नावं, दहा अंगठे.

मग सातही मावश्यांना वेगवेगळं भेटलो. एकत्र विचारलं की एकीचं ऐकून दुसरी मान डोलावते. जे किमान तिघींनी सांगितलं आणि वहीशी जुळलं, तेवढंच पक्कं धरलं.

मग ऑक्सफर्डसारखं आमच्याकडेही झालं. खालच्या आळीचा गट म्हणाला, आम्ही आधीचे, शाळेच्या ओट्यावर बसायचो. चार दिवस बोलचाल बंद होती. शेवटी दोघींची बँक पासबुकं काढली. खातं आमचं आधीचं निघालं, पण ओट्यावरची त्यांची बसाउठी त्याही आधीची होती, हे आमच्याच दोन मावश्यांनी कबूल केलं. म्हणून आमच्या मजकुरात 'पहिला' हा शब्द आम्ही ठेवला नाही. या जागी अमुक तारखेला दहा जणींनी गट सुरू केला, इतकंच आहे. त्यांच्या ओट्यासाठी त्यांचा मजकूर त्या लिहितायत.

मजकूर छोटा ठेवला : काय झालं, कुठे, कधी, आणि कुणी. नावं दहाच्या दहा. कुणाची बायको, कुणाची सून असं नाही. वहीत जशी आहेत तशी. पत्र्याची रंगवलेली पाटी दोन पावसाळ्यांत उडते, म्हणून दगडावर कोरून घ्यायचं ठरलं. खर्च गटांनी वाटून घेतलाय.

सभागृह पंचायतीचं, म्हणून परवानगी हवी. ग्रामसंघात ठराव केला आणि अर्ज दिला. ग्रामसभेत एकदा विषय आला आणि पुढच्या सभेवर गेला. कुणी म्हणालं, बायकांच्या भिशीची कसली पाटी? त्यावर आमच्या सर्वांत थोरल्या मावशी उठून म्हणाल्या, "तिकडं लंडनात कॉफी पिणाऱ्यांची पाटी हाय. आमी तर उपाशी बसून पैसं साठवलं." सभा हसली, पण विषय अजून मंजूर झालेला नाही. पुढच्या ग्रामसभेला आम्ही सगळ्या जाणार आहोत, वही घेऊन.

पाटी लागेल, न लागेल. बायरनच्या घरावरची लागलेली पाटीसुद्धा घराबरोबर गेलीच. पण वहीची तीन ठिकाणी झेरॉक्स करून ठेवलीय आणि सात मावश्यांचं बोलणं मोबाइलवर त्यांच्या आवाजात टिपून घेतलंय. ते आता कुणाला पाडता येणार नाही.

तेव्हा ताईंनो, पुढच्या बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. तीन प्रश्न विचारा. आपला गट पहिल्यांदा कुठे बसला? तेव्हा कोण कोण होत्या? आणि पहिली वही आज कुणाच्या घरी आहे? उत्तरं वहीत लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. ज्या थोरल्या आहेत, त्यांना आधी विचारा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

पुढच्या पंधरवड्याला भेटूच. नमस्कार.